‘नवा मीटर अडीचपट पळतो’ या मेसेजला उत्तर

आमच्या दांडिया बाजारातल्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय. त्यात म्हटलंय: नवा स्मार्ट मीटर जुन्यापेक्षा अडीचपट पळतो, कंपनी ऑफिसात बसून त्याचा वेग वाढवते, परदेशी विद्यापीठानेही हे मीटर खोटे ठरवलेत, कलम ४७(५) प्रमाणे जुना चकतीचा मीटर ठेवणं आपला कायदेशीर हक्क आहे, आणि तक्रार करून काही होत नाही, तपासणारेही त्यांचेच. मी तीस वर्षं बडोद्यात वायरिंगची कामं केली. बिल वाढल्याने हादरलेली माणसं भलत्याच ठिकाणी दोष शोधताना बघवत नाही, म्हणून लिहितो.

अडीचपट पळतो का, हे घरीच कळतं. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार, हा आकडा तिथेच छापलेला असतो. बऱ्याच घरगुती मीटरवर तो ३२०० असतो. घरातलं बाकी सगळं बंद करा, १००० वॉटचा पाणी तापवायचा रॉड बादलीत बुडवून लावा आणि मिनिटभर दिव्याचे ठोके मोजा. (इस्त्री नको, ती मध्येच आपोआप बंद होते.) आकडा ३२०० असेल तर ५३च्या (३२०० भागिले ६०) आसपास आले की मीटर ठीक. व्होल्टेजप्रमाणे आठ-दहा इकडेतिकडे होतील, पण अडीचपट पळणारा मीटर १३० दाखवेल. मी मोजलेल्यांपैकी एकानेही तसं दाखवलं नाही.

ऑफिसातून वेग वाढवण्याचंही उत्तर याच बादलीत आहे. दुरून रीडिंग घेता येतं, लाईट तोडता-जोडता येते, हे खरं. पण वेग वाढवला असेल तर तो ठोक्यांत दिसणारच. शंका येईल त्या दिवशी पुन्हा मोजा.

मग बिल का वाढलं? थोडी वाढ खरी असते. जुनी चकती वर्षानुवर्षं घासून मंद होते आणि बारीक लोडवर हलतही नाही. रात्रंदिवस १० वॉट खाणारा सेट-टॉप बॉक्स महिन्याला ७ युनिट घेतो. नवा मीटर ती मोजतो.

पण आमच्या भागात मोठं कारण वेगळंच निघतं आणि त्या मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही. मांडवी, रावपुरा, दांडिया बाजारातले जुने वाडे भावाभावांत वाटले गेले, मीटर वेगळे झाले, पण भिंतीतला न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, एकच राहिला. चकतीचा मीटर फक्त फेजमधला, म्हणजे वीज घरात आणणाऱ्या तारेतला, प्रवाह मोजायचा. नवे सिंगल फेज मीटर चोरी पकडण्यासाठी फेज आणि न्यूट्रल दोन्ही बघतात आणि जो प्रवाह जास्त, त्यावर युनिट धरतात. शेजारच्या घराचा प्रवाह तुमच्या न्यूट्रलमधून परतत असेल, तर तीच वीज दोन मीटरांवर चढते. एका काकूंकडे मी सगळे स्विच बंद केले, प्लग काढले, तरी दिवा लुकलुकत होता. शेजारी दिरांकडे एसी चालू होता. त्यांनी तो बंद केला आणि आमचा दिवा थांबला. काकू म्हणाल्या, “म्हणजे एवढे महिने मी भाऊजींचा गारवा भरत होते?” दोन्ही न्यूट्रल वेगळे करायला अर्धा दिवस लागला. मीटर बदलून हे सुटलं नसतं.

परदेशी विद्यापीठाची गोष्ट खोटी नाही. नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाने २०१७ साली प्रयोग जाहीर केले, त्यात ९ पैकी ५ मीटरांनी जास्त रीडिंग दिलं, एकदा तर ५८२ टक्क्यांपर्यंत. पण तिथे डिमर आणि स्वस्त दिव्यांनी प्रवाहाचा आकार मुद्दाम विस्कटला होता, आणि २ मीटरांनी कमीही दाखवलं. यातून एवढंच निघतं की एखादा मीटर चुकू शकतो. आपल्या स्वयंपाकघरातल्या मिक्सर-गीझरवर तो आकडा चिकटवणं चूक.

आता कायदा. विद्युत कायदा २००३च्या कलम ५५ प्रमाणे वीज ‘अचूक’ मीटरमधूनच द्यायची असते. तो कसा असावा, हे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००६च्या विनियमांत आहे. २०१९च्या दुरुस्तीत ग्राहकांचे नवे मीटर स्मार्ट असतील असं आलं. त्यामुळे चकती राखण्याचा हक्क कुठे लिहिलेला नाही. मेसेजमध्ये दिलेलं कलम ४७(५) अनामत रकमेबद्दल आहे: प्रीपेडला (आधी पैसे भरून वीज घ्यायला) तयार असलेल्याकडून ती मागता येत नाही. प्रीपेड सक्तीचं असावं का, यावर भांडायला जागा आहे आणि लोकांनी भांडावं. २०२४च्या मे महिन्यात बडोदेकर रस्त्यावर आले, तो राग मला पटतो. दोन महिन्यांनी बिल भरायची सवय असलेल्या माणसाच्या खात्यातून तेव्हा रोज पैसे जात होते आणि त्यात वीज किती, स्थिर आकार किती, हे त्याला नीट समजावलं जात नव्हतं. मेसेजने हे लिहिलं असतं तर मीच पुढे पाठवला असता.

‘तक्रार करून काही होत नाही’ हे वाक्य सगळ्यांत जास्त नुकसान करतं. फेब्रुवारी २०२४च्या दुरुस्तीनंतर ग्राहक हक्क नियम सांगतात की रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार आली, तर कंपनीने ५ दिवसांत शेजारी दुसरा मीटर बसवायचा आणि किमान ३ महिने दोन्ही पडताळायचे. तरीही समाधान झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल. मात्र तोंडी सांगू नका, सीलला हात लावू नका. आधी न्यूट्रल तपासून घ्या. मग अर्जात ‘रीडिंग वापराशी जुळत नाही, पडताळणी मीटर बसवावा’ असं सरळ लिहा, मागच्या वर्षीचं याच दिवसांतलं बिल जोडा आणि प्रतीवर आवक क्रमांक, तारीख घ्या. ते ५ दिवस तक्रार पोचल्यापासून मोजायचे आहेत.