‘असोसिएशन म्हणजे कोर्ट आहे काय?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

फुटबॉल असोसिएशनला नियमांनुसार खेळाडूवर बंदी घालता येते, असं मी लिहिलं होतं. त्या लेखाखाली एका वाचकानं लिहिलंय: “खुर्चीत बसून लिहिणाऱ्यांनी कधी बूट घातलेत काय? असोसिएशन म्हणजे कोर्ट आहे काय? श्रीसंतला शेवटी सुप्रीम कोर्टानंच सोडवलं. अपिलाची फी गरीब पोराला परवडत नाही. सगळं सेटिंग असतंय.”

बुटांचं आधी. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर खेळलोय, रेफरी म्हणून शिट्टीही फुंकलीय. गॅलरीतनं काय काय ऐकावं लागतं ते मला शिकवू नका. मुद्दा मांडायचा तर मांडा की राव, कट्ट्यावरचे टोमणे इथं कशाला?

फी कमी व्हायला पाहिजे, मान्य.

आता श्रीसंत, म्हणजे 2013 च्या आयपीएल स्पॉट-फिक्सिंग प्रकरणात क्रिकेट बोर्डानं (बीसीसीआय) आजीवन बंदी घातलेला गोलंदाज. ‘सोडवलं’ म्हणजे काय? मार्च 2019 च्या निकालात कोर्टानं आजीवन बंदी रद्द केली, पण बोर्डाच्या शिस्तपालन समितीनं दोषी ठरवलं होतं ते तसंच ठेवलं. शिक्षा ठरवताना गुन्ह्याचं गांभीर्य वाढवणाऱ्या-कमी करणाऱ्या बाबी तपासल्या नाहीत, एवढाच आक्षेप. शिक्षा किती, हे ठरवायला प्रकरण परत बोर्डाकडेच गेलं. बोर्डाचे लोकपाल डी. के. जैन यांनी बंदी सात वर्षांवर आणली, ती 2020 च्या सप्टेंबरात संपली. तुमचा साक्षीदार माझ्या बाजूनं बोलतोय.

असोसिएशन कोर्ट नाहीच. कुणाला तुरुंगात घालता येत नाही तिला. पण नोंदणीच्या फॉर्मवर ‘नियम मान्य’ म्हणून सही केली की त्या नियमांनुसार स्पर्धेबाहेर ठेवता येतं. हा अधिकार टिकतो तो कागदावर, आणि घोळ तिथंच होतो. रेफरीनं अहवालात नुसतं ‘गैरवर्तन केले’ लिहिलं की प्रकरण मेलं. कितवं मिनिट, जर्सी नंबर, हात कुठं लागला, बॉल खेळात होता का, लाईनवरच्या रेफरीनं काय पाहिलं, हे सगळं हवं. शिवी असेल तर जशीच्या तशी लिहायची, फुल्या मारायच्या नाहीत. रेड कार्डाची पुढच्या मॅचची बंदी आपोआप लागते. त्यापुढं वाढवायची तर लेखी नोटीस, अहवालाची प्रत, उत्तराला मुदत, सुनावणी आणि कारणांसह आदेश. तक्रार करणाराच समितीत बसला तर तो आदेश आव्हानात टिकणं अवघड. बाकी रेफरीवर हात टाकला तर फिफाच्या शिस्तसंहितेत किमान 15 सामने किंवा योग्य मुदतीची बंदी आहे. ती कोल्हापुरात कुणी बसून रचलेली नाही.

‘सेटिंग’चा पुरावा असेल तर द्या, नाहीतर पुढची कमेंट उडवीन. आणि ओळखीतल्या कुणावर कारवाई झाली असेल तर माझ्यावर डाफरण्याआधी आदेशाची प्रत मागून घ्या. तोंडी निरोपावर अपील लिहिता येत नाही.