दुव्यांवरचा प्रवाह आणि भरलेले त्रिकोण: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नेटवर्कच्या दुव्यांवरचा प्रवाह तपासताना त्रिकोणही धरावेत, या माझ्या म्हणण्यावर आडपडदा न ठेवता लिहिलंत ते बरं केलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नेटवर्कवरच्या सिग्नलसाठी (म्हणजे त्यावर नोंदलेल्या आकड्यांसाठी) ग्राफ लाप्लासियन पुरतो, म्हणजे प्रत्येक नोडच्या (बिंदूच्या) आकड्याची त्याच्या शेजाऱ्यांशी तुलना करणारी मॅट्रिक्स. सिग्नल दुव्यांवर असेल, तर प्रत्येक दुव्यालाच नोड मानून नवा ग्राफ काढावा आणि नॉइज गाळणारा नेहमीचा फिल्टर लावावा. बाकीचं भौतिकशास्त्रज्ञ किरखॉफने १८४५ मध्येच सांगून ठेवलंय, त्यावर ‘टोपोलॉजी’चं (आकार आणि भोकांच्या गणिताचं) लेबल लावलं की पेपर छापून येतो. आणि कुठले त्रिकोण भरायचे, म्हणजे तीन दुव्यांच्या मधली जागा भोक न मानता भरीव धरायची, ते तर संशोधकाच्या मर्जीवर!

किरखॉफबद्दल वाद नाही. जंक्शनला आलं तितकंच गेलं पाहिजे आणि बंद वाटेवरची बेरीज शून्य, हे त्याचे दोन नियम म्हणजे या विषयातली दोन मुख्य मॅट्रिक्सच आहेत. एक दुव्यांना नोडशी जोडते, दुसरी त्रिकोणांना दुव्यांशी. प्रवाहाचे उंचीच्या फरकातून येणारा, गोल फिरणारा आणि भोकांभोवतीचा असे भाग पाडणारा हॉजचा सिद्धांत गणितज्ञ बेनो एकमानने १९४४ च्या सुमारास अशा जाळ्यांवर मांडला. सिग्नल प्रोसेसिंगवाले तिथे फार उशिरा पोचले. बार्बारोसा आणि सार्देलित्ती यांचा लेख २०२० चा. नवेपणाचा दावा मी केलेलाच नाही.

दुव्याला नोड मानायची युक्ती मात्र मला पटत नाही. एका जंक्शनला ६ एकक पाणी येतं आणि ४ व २ असं वाटून पुढे जातं. हिशोब चोख आहे. पण तुमच्या नव्या ग्राफला शेजारच्या आकड्यांमधला फरक खटकतो, कारण त्याच्या लेखी शेजारी सारखे असणं म्हणजेच ‘गुळगुळीत’. फिल्टर जोरात लावलात तर तिन्ही आकडे ४ कडे सरकतील. म्हणजे ४ आत, ८ बाहेर! शिवाय एका दुव्याची दिशा उलटी धरलीत तर त्या आकड्याचं चिन्ह बदलतं आणि फिल्टरचा निकालही बदलतो. वरच्या दोन मॅट्रिक्सपासून बनणाऱ्या, दुव्यांसाठीच्या हॉज लाप्लासियनमध्ये चिन्हांचा हिशोब मॅट्रिक्समध्येच असतो, त्यामुळे दिशा कशीही धरा, खरा प्रवाह तोच मिळतो.

आता त्रिकोण. अ→ब ५, ब→क २, क→अ २ असा प्रवाह घ्या. फेराची बेरीज ९, म्हणजे प्रत्येक दुव्यावर ३ नुसतेच गोल फिरताहेत. ते काढले की २, −१, −१ उरतात, आणि ते उंचीच्या फरकातून येतात: अ ला ०, ब ला २, क ला १ द्या, जमतं. इथपर्यंत ग्राफ पुरला. पण ते ३-३-३ म्हणजे स्थानिक भोवरा, की मध्ये खरंच भोक आहे म्हणून त्याभोवती फिरणारा प्रवाह? त्रिकोण भरलेला असेल तर पहिलं, पोकळ असेल तर दुसरं. ही माहिती नोड आणि दुव्यांच्या यादीत मुळात नाहीच, मग ग्राफ लाप्लासियन ती आणणार कुठून?

हा निव्वळ शब्दच्छल नाही. शॉब आणि सहकाऱ्यांनी मादागास्करभोवती वाहत जाणाऱ्या तरंगत्या बोयांच्या वाटा अशाच तपासल्या. समुद्र पेशींत वाटला, बेट भोक म्हणून सोडलं आणि भोकाशी निगडित भाग, म्हणजे हार्मोनिक भाग, वेगळा काढला. कुठली वाट बेटाच्या कुठल्या बाजूने गेली हे त्यावरून कळतं.

तुम्ही वीज क्षेत्रातले दिसता, आणि मला वाटतं गोम तिथेच आहे. नेहमीच्या हिशोबात व्होल्टेजच्या फरकांची बेरीज कुठल्याही बंद वाटेवर शून्यच येते. फिरणारा भागच नाही, मग त्रिकोण भरा नाहीतर पोकळ ठेवा. दुव्यांवरच्या करंटला ती सूट नाही. रोध वेगवेगळे असले की त्यात फेर उरू शकतो. नोडवरचं तापमान किंवा लोड साफ करायचा असेल तर मात्र ग्राफ लाप्लासियनच वापरा, तिथे त्रिकोण मीही आणणार नाही.

मर्जीचा आक्षेप सगळ्यांत वजनदार. चलनबाजारात उत्तर सोपं आहे: रुपया-डॉलर-युरोचे तिन्ही सौदे खरंच होतात, दरांच्या लॉगची बेरीज फेरभर शून्य नसेल तर कोणीतरी फुकटचा नफा उचलतो, म्हणून तो त्रिकोण भरायचा. रस्त्यांच्या जाळ्यात असं कारण सापडत नाही. त्या २०२० च्या लेखात त्रिकोण डेटावरूनच निवडायची पद्धत आहे: ज्यांच्याभोवती फेर कमीत कमी राहतो ते भरायचे. माझं यावर पूर्ण समाधान होत नाही. ज्या डेटावरून त्रिकोण ठरवले, त्याच डेटातला फेर पुढे नॉइज म्हणून काढायचा, यात स्वतःच पेपर काढून स्वतःच तपासल्यासारखं होतं. निदान निवड एका दिवसाच्या नोंदींवर आणि चाचणी दुसऱ्या दिवसाच्या नोंदींवर, एवढं तरी हवं. तुमच्याकडे एखाद्या रिंग (वर्तुळाकार जोडलेल्या) वीज जाळ्याच्या करंटच्या नोंदी असतील आणि देता येत असतील तर कळवा, त्यावर करून बघू.