एका बोअरनं काय होतंय?

२२ एप्रिल आला की वसुंधरा दिनाचे फोटो सुरू होतात. हिरवा टी-शर्ट, हातात रोप, मागे बॅनर. रोप जगलं का, हे पुढच्या एप्रिलात कुणी विचारत नाही, कारण तोवर नवं रोप आणि नवा बॅनर आलेला असतो. असो, फोटो काढणाऱ्यांशी माझं भांडण नाही. चिडचिड होते ती दुसऱ्या एका वाक्यानं. पारावर, लग्नात, एसटीत, कुठेही पाण्याचा विषय काढा, कुणीतरी हमखास म्हणतं, "एवढी मोठी पृथ्वी, आपण काय तिचं वाकडं करणार?"

केलंय वाकडं. सेंटीमीटरमध्ये मोजता येईल इतकं केलंय.

पृथ्वी ज्या आसाभोवती फिरते तो आस जमिनीला जिथे छेदतो तो ध्रुव, हे शाळेत शिकलो. शाळेत हे सांगत नाहीत की तो ध्रुव एका जागी नसतो. जमिनीच्या हिशेबानं तो दरवर्षी काही मीटरच्या फेऱ्यात घुटमळतो. यातलं साधारण चौदा महिन्यांचं डोलणं सेथ चँडलर या अमेरिकन माणसानं १८९१ साली शोधून काढलं, त्यामुळे त्याला त्याचंच नाव आहे. हे नैसर्गिक आहे, त्यात आपला काही हात नाही. पण या घुटमळण्यापलीकडे ध्रुव वर्षानुवर्षं एका दिशेला थोडाथोडा सरकतही जातो. पृथ्वीवरचं वजन इकडचं तिकडे गेलं की असं होतं. वॉशिंग मशीनच्या ड्रायरमध्ये ओली गोधडी एका बाजूला गोळा झाली की मशीन थडथडतं ना, तसलाच प्रकार, फक्त फारच सूक्ष्म.

आता मुद्द्याचं. जून २०२३ मध्ये सोल नॅशनल युनिव्हर्सिटीच्या की-वॉन सो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. १९९३ ते २०१० या काळात ध्रुव कसा सरकला, याचा हिशेब ते मांडत होते. ग्रीनलंडचं आणि अंटार्क्टिकाचं वितळलेलं बर्फ धरलं, डोंगरांवरच्या हिमनद्या धरल्या, धरणांत अडवलेलं पाणी धरलं. ताळा काही जुळेना. मग त्यात माणसानं जमिनीतून उपसलेलं पाणी धरलं, २,१५० अब्ज टन, आणि हिशेब मोजमापाला येऊन बसला. या एकट्या उपशानं त्या काळात ध्रुव सुमारे ८० सेंटीमीटर पूर्वेकडे ढकलला होता. वर्षाला ४.३६ सेंटीमीटर.

२,१५० अब्ज टन म्हणजे किती, हे डोक्यात बसत नाही. एक अब्ज टन पाणी म्हणजे एक घन किलोमीटर. कोयनेचं धरण काठोकाठ भरलं की १०५ टीएमसी, म्हणजे साधारण तीन घन किलोमीटर पाणी. तशी सातशेहून जास्त कोयना धरणं भरतील एवढं पाणी आपण सगळ्यांनी मिळून जमिनीखालून वर काढलं. ते पिकांवाटे हवेत गेलं, ओढ्यानाल्यांतून वाहिलं आणि शेवटी समुद्राला मिळालं. समुद्राची पातळी त्यानं सहा मिलिमीटरच्या वर वाढली. जमिनीखालचं वजन समुद्रात गेलं आणि पृथ्वीचा तोल बदलला. यातल्या एकाही माणसाला आपण पृथ्वीचा तोल बदलतोय असं वाटलं नसणार. प्रत्येकानं फक्त मोटर चालू केली होती.

कुठून उपसा होतो त्यालाही महत्त्व आहे. मध्य अक्षांशांतल्या उपशाचा ध्रुवावर परिणाम जास्त होतो, आणि या काळात सर्वाधिक पाणी गेलं ते उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातून आणि वायव्य भारतातून. वायव्य भारत म्हणजे पंजाब-हरियाणाचा भात-गव्हाचा पट्टा. मग आपण महाराष्ट्रवाले सुटलो म्हणायचं का? ध्रुवाच्या हिशेबात आपला वाटा लहान असेल, पण आपली गत त्यांच्यापेक्षा वाईट आहे. त्यांच्याकडे नद्यांनी आणलेल्या गाळाचे खोल थर आहेत, उपसता उपसता पिढ्या गेल्या. आपल्याकडे काळा पाषाण. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, थरावर थर. त्यात पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत, आणि ते दरवर्षीच्या पावसानं भरतं. खिसाच लहान, त्यामुळे लवकर रिकामा होतो.

ही बातमी आली तेव्हा तिचा आपल्या ग्रुपांवर जो चिवडा झाला, तो बघून हसावं की रडावं कळेना. "पृथ्वीचा आस कलला, म्हणून पाऊस लांबला." "पृथ्वी वाकडी झाली, आता ऋतू बदलणार." नाही हो. ऋतू होतात ते आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून, आणि तो कल यानं बदललेला नाही. आस अवकाशात आहे तिथेच आहे. जमीन त्याच्या मानानं जराशी सरकली, एवढंच. ते ८० सेंटीमीटर अंशात मांडले तर एका अंशाचा लाखावा भागही भरत नाही. पावसाचा लहरीपणा वाढलाय तो हवा आणि समुद्र तापल्यामुळे. तेही आपलंच कर्तृत्व आहे, पण ते वेगळं खातं.

या सरकण्यानं उद्या काही कोसळणार नाही. मग सांगतोय कशाला? कारण हे मोजमाप खोटं बोलत नाही. अब्जावधी प्रकाशवर्षं दूर असलेल्या क्वासारांकडे, म्हणजे दीर्घिकांच्या अतितेजस्वी गाभ्यांकडे, रेडिओ दुर्बिणी रोखून ध्रुवाची जागा सेंटीमीटरच्याही आत ठरवतात, तुमच्या मोबाइलच्या नकाशाला ती आकडेवारी लागते. सरकारी अहवालात पातळी वर दाखवता येते, कागदावर शेततळं भरता येतं. पृथ्वीच्या फिरण्याला गावातलं राजकारण माहीत नाही.

ज्यांना पृथ्वीची गती स्वतः बघायची आहे त्यांच्यासाठी शून्य सावलीचा दिवस आहेच. मे महिन्यात सूर्य उत्तरेकडे सरकताना ज्या दिवशी तुमच्या गावाच्या अक्षांशावर येतो, त्या दिवशी मध्यान्हीला उभ्या काठीची सावली नाहीशी होते. कोल्हापुरात ६ मेच्या आसपास, पुण्यात १३-१४ मे, नाशिकला २० मेच्या सुमारास, नागपूरला २६ मेच्या सुमारास. दिल्लीकरांच्या नशिबात हे नाही, ते कर्कवृत्ताच्या वर राहतात. एका उभ्या पाइपावर पोरांना कललेला आस, सूर्याभोवतीची फेरी आणि अक्षांश असं सगळं कळतं, पैसा लागत नाही. पण आमच्या सिन्नरकडे त्याच दिवसांत, त्याच उन्हात, बोअरच्या गाड्या फिरत असतात.

गाडी बहुतेक तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची. दोन ट्रक, एकावर मशीन, दुसऱ्यावर कॉम्प्रेसर आणि रॉड. आधी पाणाड्या येऊन तळहातावर नारळ उभा करून जागा दाखवून गेलेला असतो. मग फुटाचा भाव ठरतो, केसिंगचा, म्हणजे बोअर ढासळू नये म्हणून आत घालायच्या पाइपाचा, वेगळा. सुरुवातीला मुरूम निघतो, केसिंग उतरतं, आणि पुढे काळ्या पाषाणाची राखाडी भुकटी उडायला लागते, अंगावर, झाडांवर, बघायला आलेल्या पोरांवर. मध्येच तांबडी माती लागते, दोन लाव्ह्यांच्या मधली, ती ढासळेल म्हणून गाडीवाला कुरकुरतो. आमच्या नानांच्या शिवारात गाडी लागली होती तेव्हा पावणेदोनशे फुटांवर भुकटी ओली झाली, सगळ्यांचे चेहरे खुलले, आणि रॉड जोडत गेले तशी ती परत कोरडी झाली. तीनशे गेले, चारशे गेले. मी म्हटलं, "नाना, थांबू या आता." नाना म्हणाले, "अरे, शेजारच्यानं सातशे घेतला. आपण चारशेवर थांबलो तर आपलं पाणी त्याच्याकडे जायचं नाही का?"

नाना चुकीचं बोलत नव्हते, हीच खरी अडचण आहे. जमिनीखाली बांध नसतो. जो खोल जातो तो ओढतो, आणि उथळ विहीर असणारा कोरडा पडतो. कधीकधी तर खोल बोअर वरच्या भेगांतलं पाणीच खाली सोडून देतो, म्हणजे पैसे घालून स्वतःची विहीर आटवायची. एकेकट्यानं शहाणं होऊन उपयोग नाही. थांबायचं तर सगळ्या शिवारानं एकदम थांबावं लागतं.

यासाठी कायदा नाही असं समजू नका. महाराष्ट्राचा भूजल अधिनियम २००९ चा, अमलात आला २०१४ मध्ये. शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल बोअर घेऊ नये असं त्यात लिहिलंय. सातशे फुटांची गाडी भर रस्त्यानं, हॉर्न वाजवत गावात येते. कायदा आणि गाडी यांची गाठ कुठे पडते, मी अजून पाहिलेलं नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानं पोलीस न बोलावता ते करून दाखवलं. शेतीला बोअर नाही, ऊस-केळी नाही, पाऊस किती पडला ते गावातच मोजायचं आणि त्या हिशेबानं यंदा कोणतं पीक किती घ्यायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. पोपटराव पवारांचं कौतुक आपण भरपूर करतो, २०२० ला पद्मश्रीही झाली, गावाला भेटी देणाऱ्या बसगाड्या अजून थांबत नाहीत. पण परत आलेल्या किती गावांनी "बोअर नाही" हे एक कलम उचललं? चर खणणं आपल्याला आवडतं, त्यात उत्साह असतो, ढोलताशा असतो, व्हिडिओ चांगला येतो. पाणी जिरवायला हजार हात येतात, उपसा कमी करायचं म्हटलं की मीटिंग लांबते.

आणि फक्त शेतकऱ्याला झोडपणं मला मान्य नाही. देशातलं बहुतेक भूजल शेतीला जातं हे खरं, पण त्यातून पिकलेली साखर आणि भात कोण खातंय? शहरातल्या सोसायट्यांची बोअरं मोजतो कुणी? पावसाचं पाणी जिरवायचा खड्डा नकाशावर असतो, प्रत्यक्षात तिथे कुणाचीतरी स्कूटर उभी असते. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. कर्जात बुडालेल्या माणसाला दिलासा मिळाला, मी त्याच्या आड येणार नाही. पण मोटर बंद करायचं जे एक कारण होतं, तेही गेलं. त्याऐवजी ठिबक, कमी पाण्याच्या पिकाला हमी आणि वाचवलेल्या पाण्याला काही मोल द्या, अशी मागणी एकाही पक्षाच्या सभेत माझ्या कानावर आलेली नाही.

मी काय करा म्हणतोय? गावातली एक विहीर धरा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. तुम्हीही त्याच महिन्यांत घ्या. टेप, खाली बांधायला वजन आणि वही, एवढंच लागतं. काठावर एक खूण करा आणि दरवेळी तिथूनच मोजा, नाहीतर आकडे एकमेकांशी भांडतात. मोजण्याआधी मोटर काही तास बंद ठेवा. पोरांना बरोबर न्या, मे महिन्यात सावली बघायला जमवाल तीच पोरं. आकडे शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा, खोडता येणार नाहीत अशा रंगात. अटल भूजल योजनेत आपल्या तेरा जिल्ह्यांतल्या निवडक गावांनी पाण्याचे ताळेबंद केलेत. तुमचं गाव त्यात असेल तर त्या ताळेबंदाची वही ग्रामपंचायतीच्या दप्तरात आहे, मागून घ्या आणि वाचा. पाऊस किती आला, जिरला किती, उपसला किती, सगळं आहे त्यात.

पाऊस ओसरल्यावर जी ग्रामसभा होईल, तिथे हे आकडे घेऊन उभे राहा, रब्बीची पेरणी व्हायच्या आत. नानांनी पाचशे वीसवर गाडी थांबवली, पाणी जेमतेम दीड इंची लागलं. यंदा पहिल्यांदाच ते ग्रामसभेला यायला तयार झालेत, पण त्यांची अट आहे की शेजारच्या सातशेवाल्यालाही बोलवायचं.