सत्तर नॉट आणि पन्नास किलोमीटर, पण एकाच वेळी नाही

जपानी पाणबुड्यांच्या 'टाइप ८९' पाणतीराबद्दल (म्हणजे टॉर्पेडोबद्दल) एक दावा सर्रास फिरतो: दुसऱ्या महायुद्धातल्या ऑक्सिजन टॉर्पेडोचा हा वंशज ७० नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, सुमारे १.८५ किमी) ५० किमी जातो, पाणबुडीशी जोडणारी तार तुटली की आंधळा होतो, पण लागलाच तर विमानवाहू नौकेला भोक पाडून बुडवतो. त्यानंतरचा 'टाइप १८' म्हणे याहून वेगवान.

आधी आकडे. प्रसिद्ध माहितीनुसार पल्ला ५५ नॉटला ३९ किमी आणि ४० नॉटला ५० किमी. ७० नॉट हा कमाल वेग म्हणून सांगितला जातो; तो सर्वांत लांब पल्ल्याला जोडणे ही सरळ लबाडी. पाण्याचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. निव्वळ त्या हिशेबाने ४० चे ५५ नॉट केल्यावर पल्ला जवळपास निम्म्यावर यायला हवा. छापील आकड्यांत तो २२ टक्केच घटतो. तेव्हा हे आकडेही ढोबळच धरावेत.

शिवाय पाणतीर किती धावतो आणि किती लांबून सोडता येतो, या वेगळ्या गोष्टी. जहाज ३० नॉटने पाठ फिरवून पळत असेल, तर ४० नॉटचा पाणतीर त्याला फक्त १० नॉटने गाठत जातो. ५० किमीचे इंधन असूनही तो १२.५ किमीच्या आतून सोडावा लागतो. ५५ नॉटला हेच अंतर सुमारे १७.७ किमी. पल्ला कमी, पण मारा जास्त लांबून! समोरून येणाऱ्या जहाजाचे गणित अर्थातच उलटे.

आता तार. तिच्यातूनच पाणबुडी पाणतीराला मार्गदर्शन करते. तिचे रीळ पाणतीरातही असते आणि पाणबुडीकडेही. दोघे आपापली तार सोडत जातात, म्हणून ती पाण्यात ओढली न जाता पडून राहते. पाणबुडीने जोरात वळण घेतले की ती तुटू शकते. नळीचा बाहेरचा दरवाजा बंद केला तर तुटतेच, म्हणून तार चालू असेपर्यंत त्या नळीत दुसरा पाणतीर भरता येत नाही. तुटल्यावर पाणतीर स्वतःच्या सोनारने (ध्वनीवरून लक्ष्य शोधणाऱ्या यंत्रणेने), ऐकून किंवा ध्वनी सोडून, शोध चालू ठेवतो. गमावते ते पाणबुडीच्या मोठ्या सोनारचे मार्गदर्शन: लक्ष्य वळले का, समोरचा आवाज चकव्याचा, म्हणजे पाणतीराला फसवायला सोडलेल्या उपकरणाचा, आहे का.

ऑक्सिजनचा वारसा? महायुद्धातला ऑक्सिजन टॉर्पेडो 'टाइप ९३' ६१० मिमी व्यासाचा, जहाजांवरून सुटणारा; पाणबुड्यांसाठी ५३३ मिमीचा 'टाइप ९५' होता. 'टाइप ८९' ऑटो (Otto) नावाच्या द्रव इंधनावर चालतो, त्याला वेगळा ऑक्सिजन लागतच नाही.

'भोक पाडून' हेही जुने चित्र. जड पाणतीर शक्यतो जहाजाच्या तळाखाली फोडतात. वायूचा बुडबुडा फुगताना जहाजाचा कणा (तळाची मुख्य तुळई) वर उचलला जातो, बुडबुडा आकसताना आधार निघून जातो, आणि कणा मोडतो. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियाने चाचणीत 'टॉरेन्स' ही जुनी युद्धनौका एकाच 'मार्क ४८' या अमेरिकी पाणतीराने अशीच दुभंगली. पण तिचा आकार फ्रिगेटचा, म्हणजे विमानवाहू नौकेपेक्षा कितीतरी लहान. 'टाइप ८९'च्या २६७ किलोच्या स्फोटकाने लाख टनांची विमानवाहू नौका हमखास बुडेल, असे म्हणायला आधार नाही. १९४४ मध्ये जपानची विमानवाहू नौका 'ताइहो' एका टॉर्पेडोनंतर बुडाली खरी, पण काही तासांनी, आत साठलेल्या पेट्रोलच्या वाफा पेटल्यामुळे. त्याच वर्षी 'शिनानो' ही दुसरी जपानी विमानवाहू नौका बुडाली, तिला चार टॉर्पेडो लागले होते.

राहिला 'टाइप १८'. 'ताइगेई' वर्गाच्या जपानी पाणबुड्यांच्या काळातल्या या पाणतीरात भर वेगावर नव्हता. उथळ समुद्रात तळ आणि पृष्ठभाग दोन्हींकडून प्रतिध्वनी येतात, त्या गोंगाटात लक्ष्य हरवते. शिवाय चकवा जहाजासारखाच आवाज काढतो. परतणाऱ्या ध्वनीवरून लक्ष्याचा आकार ओळखून चकवा बाजूला काढणे, हे त्याच्या विकासाचे मुख्य काम होते.