अर्जातला रकाना आणि भिंतीवरची यादी

मुलांची जात, धर्म, अपंगत्व, मातृभाषा असे सारे काही विचारणारा महाविद्यालयाचा एक चार पानी प्रवेश अर्ज एव्हाना साऱ्या सोलापूरच्या भ्रमणध्वनींवरून फिरून झाला आहे. कन्ना चौकातल्या आमच्या कट्ट्यावर विषय निघताच साहेबांनी चष्मा पुसला. बँकेतून निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी ते आमचे साहेबच आहेत. जात, धर्म, अपंगत्व, मातृभाषा असले काही महाविद्यालयाने विचारूच नये, गुण पाहावेत, शुल्क घ्यावे आणि शिकवावे, असा निकाल त्यांनी देऊन टाकला. "आमच्या वेळी वर्गात कोण कोणत्या जातीचा, हे आम्हाला ठाऊकसुद्धा नसे," असेही ते म्हणाले.

"तुम्हाला ठाऊक करून घेण्याची गरज पडली नाही, साहेब," ताई म्हणाल्या. "शिष्यवृत्तीवाल्यांनी उभे राहा, असे भर वर्गात ज्यांना सांगितले जाई, त्यांची जात सगळ्यांना ठाऊक असे."

ताई एका महाविद्यालयाच्या कार्यालयात शिष्यवृत्तीचे टेबल सांभाळतात आणि महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावरचा एखादा अर्ज कोणत्या कागदावाचून अडला आहे, हे त्यांना झोपेतही सांगता येते. त्यामुळे या वादात माझा कल कुणीकडे होता, हे वेगळे सांगायला नको. त्यांचे म्हणणे असे की, अनुसूचित जाती-जमातींपासून भटक्या जमातींच्या ब, क, ड गटांपर्यंत सारे रकाने एरवीच्या अर्जांत चोख असतात, कारण आरक्षणाचा हिशेब त्यांवर चालतो. पण घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारे हे पहिलेच मूल आहे का, घरी कोणती भाषा बोलतात, हे कोणी विचारत नाही. पूर्व भागातल्या तेलुगू घरातली, अक्कलकोटकडच्या कन्नड घरातली आणि उर्दू शाळेतून आलेली मुलगी पहिल्या वर्षाला एकाच बाकावर बसते, आणि समोरचे इंग्रजी व्याख्यान तिघींनाही तितकेच परके असते. अपंगत्वापुढे 'होय' किंवा 'नाही' एवढ्या दोनच चौकटी असतात. 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता त्यांतलाच एक आहे, हे मुलाला कोणी सांगितलेले नसते; ते बिचारे 'नाही'वर खूण करते आणि परीक्षेतल्या जादा वेळेला मुकते. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये तृतीयपंथी ओळखीला मान्यता दिली, तरी काही अर्जांवर अजून 'पुरुष' आणि 'स्त्री' हेच दोन पर्याय असतात.

"आणि ही माहिती घेऊन तुम्ही करता काय?" साहेबांनी विचारले. हा प्रश्न मात्र रास्त होता.

"काहीच करत नाही, हेच तर माझे दुखणे आहे," ताई म्हणाल्या. 2010-11 पासून उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणासाठी महाविद्यालये दरवर्षी आकडे दिल्लीला पाठवतात, महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या 'नॅक'चे मूल्यांकन आले की तेच आकडे रंगीत फायलीत लावतात, आणि मूल्यांकन झाले की फाईल कपाटात जाते. पहिल्या वर्षाला आलेली कोणती मुले तिसऱ्या वर्षापर्यंत टिकली नाहीत, हे मात्र आपल्याच आकड्यांत कोणी शोधत नाही.

इतका वेळ गप्प असलेले मास्तर तेव्हा बोलले. ते सेटलमेंटमध्ये, म्हणजे इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना ज्या वसाहतीत डांबले होते तिथे, वाढले. "माझ्या आजोबांचीही माहिती सरकारने मोठ्या आस्थेने गोळा केली होती," ते म्हणाले. "जात लिहून घेतली, अंगठा घेतला, तारेच्या कुंपणात ठेवले आणि रोज हजेरी लावली. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सुरू झालेले ते प्रकरण 1952 मध्ये संपले. कायदा गेला, पण ती नोंद लोकांच्या तोंडातून अजून गेलेली नाही. म्हणून अर्जात जात विचारली की मी आधी एवढेच विचारतो की, हे वाचणार कोण?"

यावर कोणाला पटकन बोलता येईना. वकिलांनी 2023 चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा काढला. माहिती कशासाठी हवी हे सांगून संमती मागावी, ती सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी हव्या त्या भाषेत मिळावी, म्हणजे आपल्याकडे तेलुगू, कन्नड, उर्दूतही, आणि अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती घ्यावी, असे त्यात असल्याचे त्यांनी सांगितले. वकील आणखी पुढे सरकणार, तेवढ्यात ताईंनी त्यांना थांबवले.

"कायदा राहू द्या, मास्तरांचा प्रश्न खरा आहे. आमच्याकडे प्रवेशाची यादी नाव आणि प्रवर्गासकट भिंतीवर लागते, आणि तिचे छायाचित्र संध्याकाळी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर असते. नाव एका तक्त्यात आणि बाकीची माहिती दुसऱ्यात ठेवा, दोन्ही जोडण्याची मुभा एकदोघांनाच द्या. वर्गात एखाद्या गटाचे एकच मूल असेल, तर नाव न लिहिताही ते ओळखू येते, तेव्हा तो आकडा बाहेर देऊच नका. आणि 'सांगू इच्छित नाही' ही चौकट प्रत्येक प्रश्नाखाली हवी."

मास्तरांनी मान डोलावली, पण "बघू या" एवढेच म्हणाले.

साहेबांना मात्र हे सारे माणसाच्या खासगीपणावरचे आक्रमण वाटत होते. त्यावर अण्णा उसळले. यंत्रमागासाठी मागितलेल्या कर्जाचे प्रकरण अण्णा विसरत नाहीत. "साहेब, माझा बाप काय करतो, घर भाड्याचे आहे की स्वतःचे, बायकोच्या अंगावर दागिने किती, हे सगळे तुम्ही मला काउंटरवर, चार लोकांसमोर विचारले होते. आणि एवढे विचारून शेवटी कर्ज दिले नाहीत ते नाहीतच!"

"तो नियम होता," साहेब म्हणाले.

"मग निदान 'सांगू इच्छित नाही' अशी चौकट तरी ठेवायची होती!"

साहेबांनी विषय बदलण्यासाठी चहाचे पैसे देऊ केले. तेव्हा टपरीवाल्याने उधारीची वही सर्वांना दिसेल अशी उघडून विचारले की आजचेच द्यायचे आहेत की मागचेही, आणि त्यानंतर ताईंसकट कोणालाच हसू आवरले नाही.