सारानं सगळं आधीच ओळखलं होतं

ज्यांनी ‘द प्रेस्टीज’ अजून पाहिलेला नाही, त्यांनी कृपया इथेच थांबा. पुढे शेवट सांगितला आहे, अगदी पूर्ण.

“शेवटी काय, तर जुळे भाऊ! एवढ्यासाठी सव्वादोन तास बसवून ठेवलं?” हा सिनेमा कुणाला आवर्जून पाहायला सांगितला की निम्म्या वेळा ही प्रतिक्रिया ऐकायला मिळते. मी ती समजू शकते. दिलीपकुमारचा ‘राम और श्याम’ आणि हेमामालिनीचा ‘सीता और गीता’ टीव्हीवर पुन्हा पुन्हा लागायचे त्या घरांत जुळी भावंडं ही धक्का बसण्याची गोष्टच नाही. त्यात २०१३ साली ‘धूम ३’ आला, त्यातही जादूचे खेळ करणारे जुळे भाऊ आणि दुनियेसमोर एकच माणूस. आपल्याकडच्या कितीतरी लोकांनी तो आधी पाहिला आणि ख्रिस्तोफर नोलनचा २००६ चा सिनेमा नंतर. मग शेवट शिळा वाटणारच.

पण एक फरक बघा. आपल्याकडच्या जुळ्यांची लहानपणी ताटातूट झालेली असते आणि एकाच चौकटीत दोघं दिसले की थिएटरात शिट्ट्या पडतात. तोच तर आनंद असतो. इथले भाऊ कधी वेगळे झालेलेच नाहीत. रोज एकमेकांच्या शेजारी वावरतात, एक आल्फ्रेड बोर्डन (ख्रिश्चन बेल) हा जादूगार म्हणून आणि दुसरा वेश पालटून फॅलन नावाचा अबोल मदतनीस म्हणून, आणि पाळीपाळीनं सोंगं बदलतात. एक नाव, एक घर, एक लग्न. एकाची दोन बोटं गोळीनं उडाली तेव्हा दुसऱ्यानं आपली बोटं छिन्नीखाली धरली, का तर दोन्ही हात सारखे दिसायला हवेत. आणि हे सगळं कशासाठी? एका दारातून आत जाणारा माणूस क्षणात दुसऱ्या दारातून बाहेर येतो, या काही सेकंदांच्या खेळासाठी.

बरं, सिनेमानं हे लपवलेलं तरी कुठे आहे? मायकेल केननं साकारलेला कटर हा जादूच्या खेळांची यंत्रं बनवणारा म्हातारा. बोर्डनचा खेळ पाहिल्या पाहिल्या तो सांगून टाकतो की हा तोतया वापरतोय, दुसरं काही नाही. बोर्डनचा प्रतिस्पर्धी जादूगार, ह्यू जॅकमनचा अँजियर, ते ऐकतच नाही. इतकं साधं कसं असेल, यामागे काहीतरी अफाट असणार, असं त्याला वाटतं आणि आपण प्रेक्षकही त्याच्यासोबत कटरला खोटं पाडतो. उत्तर मध्यावरच हातात दिलेलं असताना आपणच ते टाकून दिलेलं असतं. ज्युलियाच्या अंत्यविधीच्या वेळी अँजियर विचारतो, माझ्या बायकोच्या हाताला तू कुठली गाठ मारली होतीस? बोर्डन म्हणतो, मला माहीत नाही. पहिल्यांदा पाहताना संताप येतो. हात बांधून पाण्याच्या टाकीतून सुटण्याच्या खेळात बाई बुडून मेली आणि हा म्हणतो माहीत नाही! दुसऱ्यांदा पाहताना कळतं की तो खरं बोलत असणार. गाठ बांधणारा तो नव्हताच.

आणि तो पिंजऱ्याचा खेळ. पक्षी असलेला पिंजरा टेबलावर दाबला जातो, दोन्ही गायब, मग पक्षी जिवंत परत. प्रेक्षकांत बसलेला एक लहान मुलगा रडायला लागतो, यांनी त्याला मारलं म्हणून. बोर्डन त्याला समजवायला जिवंत पक्षी दाखवतो तर मुलगा विचारतो, पण याचा भाऊ कुठे आहे? सबंध सिनेमाचं गुपित एका पोरानं पहिल्या अर्ध्या तासात सांगून टाकलंय. (पिंजरा गायब करण्याचा खेळ खऱ्या इतिहासातलाच आहे, बुआतिए द कोल्टा या फ्रेंच जादूगारानं तो गाजवला. त्यात पक्षी मारला जातो हा संशय इतका पक्का होता की १९२१ साली कार्ल हर्ट्झ या जादूगाराला ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे तो करून दाखवावा लागला.)

त्या मुलाला घेऊन आलेली त्याची मावशी म्हणजे सारा, पुढे बोर्डनची बायको. रेबेका हॉल. मला लिहायचंय ते हिच्याबद्दल.

‘द प्रेस्टीज’वर बोलताना सगळे दोन जादूगारांबद्दल बोलतात. कोण श्रेष्ठ, कोण जिंकला, कुणाचा त्याग मोठा. पण या सिनेमात जो एकमेव माणूस नीट बघतो, तो सारा आहे. अँजियर वर्षानुवर्षं दुर्बिणी लावून, डायऱ्या चोरून, अमेरिकेपर्यंत जाऊन जे शोधत राहिला, ते हिला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कळत होतं. नवरा ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ म्हणतो तेव्हा ती त्याच्या डोळ्यांत बघून सांगते, आज नाही. काही दिवशी हे खरं असतं, काही दिवशी नसतं. आणि पुढे जे बोलते ते ऐकून माझ्या पोटात कालवतं: हा फरक मला कळतो हे बरंच आहे, त्यामुळे खऱ्या दिवसांना किंमत येते.

ती हे हसत म्हणते! तिला वाटतं की ही नवऱ्याच्या लहरी स्वभावाची गोष्ट आहे. तिनं मोजमाप अचूक केलेलं असतं, दिवसागणिक, माणसागणिक. फक्त समोर दोन माणसं आहेत एवढंच तिला कुणी सांगितलेलं नसतं. बोटांची जखम आठवते? ती पट्टी बदलताना चक्रावते, की इतक्या दिवसांनी ही पुन्हा पहिल्या दिवसासारखी कशी वाहतेय? तिथेही तिची नजर चुकलेली नाही. तिनं बरोबर ओळखलं की जखम ताजी आहे. प्रत्येक वेळी पुरावा हिच्या हातात असतो आणि प्रत्येक वेळी तिला सांगितलं जातं की तुझंच काहीतरी चुकतंय.

आपल्या आसपासच्या किती बायकांना मी हे असं जगताना पाहिलंय. दिसतंय ते दिसतंय, कळतंय ते कळतंय, आणि घरातला माणूस शांतपणे म्हणतो, तुला भास होतात. त्यातून बाई स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास गमावते. सारा पुढे दारू पिऊ लागते. शेवटच्या भांडणात ती म्हणते की तू खरा काय आहेस हे मला माहीत आहे, आणि सरळ विचारते, तुझं माझ्यावर प्रेम आहे का? त्या रात्री समोर दुसरा भाऊ असतो, ज्याचा जीव ऑलिव्हिया या रंगमंचावरच्या मदतनीस बाईवर जडलेला. तो म्हणतो, आज नाही. तिच्याच जुन्या, लाडानं म्हटलेल्या शब्दांत. सारा बोर्डनच्या कार्यशाळेत गळफास घेते.

हे वळण माझ्यासाठी सिनेमाच्या शेवटापेक्षा मोठं आहे. शेवटी एक भाऊ फासावर जातो आणि वाचलेला दुसरा मरणाऱ्या अँजियरला सगळं सांगतो, की माझं सारावर प्रेम होतं आणि त्याचं ऑलिव्हियावर, आम्हा दोघांना अर्धं अर्धं आयुष्य मिळालं, आम्हाला ते पुरलं, त्यांना पुरलं नाही. तेव्हा आपण थक्क होतो. पण नीट ऐकलं तर कळतं की साराला कळलेलंच तो इथे कबूल करतोय. फरक एवढाच की ती हे ऐकायला उरलेली नाही.

बोर्डनचे चाहते मला पटत नाहीत ते इथे. त्यांचं म्हणणं असतं की अँजियर पैशांनी आणि यंत्रानं जिंकू पाहणारा, बोर्डन मात्र कलेसाठी आयुष्य वाहिलेला खरा कलावंत. त्यांचा आवडता प्रसंग चिनी जादूगाराचा. म्हातारा चुंग लिंग सू पाण्यानं भरलेलं माशांचं जड भांडं झग्याखाली, गुडघ्यांत धरून रंगमंचावर येतो आणि हे कुणाला कळू नये म्हणून बाहेरही जन्मभर लंगड्या-पांगळ्यासारखा चालतो. बोर्डन भारावून म्हणतो, हाच खरा खेळ, हे समर्पण.

आता या चुंग लिंग सूची खरी हकिगत ऐका. तो चिनी नव्हताच. विल्यम रॉबिन्सन नावाचा अमेरिकन माणूस, जो चिंग लिंग फू या खऱ्या चिनी जादूगाराची नक्कल करत मोठा झाला. रंगमंचावर इंग्रजीत बोलायचं नाही हे त्यानं वर्षानुवर्षं पाळलं. मार्च १९१८ मध्ये लंडनच्या वुड ग्रीन एम्पायर नाट्यगृहात बंदुकीची गोळी झेलण्याचा खेळ करताना बंदुकीतल्या बिघाडामुळे खरी गोळी छातीत घुसली आणि तो इंग्रजीत ओरडला की काहीतरी झालंय, पडदा पाडा. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याच्या आयुष्यातही रंगमंचावर सोबत करणारी बायको एकीकडे आणि दुसरा संसार, मुलंबाळं, दुसरीकडे होती. समर्पणाचं कौतुक करताना या दोन घरांत काय चाललं असेल हे कुणी विचारत नाही. मला ते विचारावंसं वाटतं.

कलेसाठी स्वतःची बोटं तोडणाऱ्याला मी एकवेळ मान देईन. पण साराचा दिवस, तिचा संसार, तिच्या लेकीचं, जेसचं, लहानपण हे बोर्डनचं नव्हतंच. ते त्यानं न विचारता खेळात लावलं. त्याला समर्पण म्हणायला माझी जीभ वळत नाही.

अँजियरला सूट द्यायचा माझा हेतू नाही. निकोला टेस्ला खरोखरच १८९९ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला प्रयोगशाळा उभारून विजेचे प्रचंड प्रयोग करत होता आणि सिनेमानं त्या सत्यावर आपलं कल्पित यंत्र बसवलंय, माणसाची हुबेहूब दुसरी प्रत काढणारं. डेव्हिड बोवीचा टेस्ला काय सुंदर आहे, किती थकलेला आणि सभ्य! ‘हे तर विज्ञानकथेत शिरलं, फसवणूक झाली’ ही तक्रार मला तरी पोकळ वाटते. यंत्र पहिल्याच दृश्यात आहे, त्यानंच काढलेल्या, जंगलात पडलेल्या एकसारख्या टोप्यांच्या ढिगात. अँजियर रोज रात्री स्वतःच्या एका प्रतीला पाण्याच्या टाकीत बुडवतो, जिथे त्याची बायको गेली तशाच टाकीत. भयंकर आहे. पण त्याला निदान रोज भीती वाटते, की आज बुडणारा मी असेन की टाळ्या घेणारा. बोर्डन बंधूंना सारासमोर अशी भीती वाटलेली मला दिसली नाही.

वाचलेल्या भावाला मुलगी परत मिळते आणि कटर दारात उभा असतो. बरेच जण याला न्याय म्हणतात. मला जेसचं पुढचं आयुष्य दिसतं. तिला कधीतरी विचारावंसं वाटेल की आई का गेली, आणि या बापाला दोन माणसांच्या वतीनं उत्तर द्यावं लागेल.

पुन्हा बघणार असाल तर एकदा फक्त रेबेका हॉलकडे बघत बघा. ख्रिश्चन बेल प्रत्येक प्रसंगात किंचित वेगळा वागतो, एक भाऊ तापट, दुसरा हळवा, आणि तो बदल सर्वात आधी तिच्या चेहऱ्यावर उमटतो. सुरुवातीचा तो प्रसंग तर सोडूच नका. पहिल्या ओळखीत बोर्डन तिला घरापर्यंत सोडायला येतो. ती त्याला आत घेत नाही, दार लावते, वळते, तर हा आत हजर, चहात दूध-साखर हवी का विचारतोय. ती आश्चर्यानं हसते. खिडकीतून चढून आला असं म्हणणारे आहेत. मला तसं वाटत नाही. दाराबाहेर एक होता आणि चहापाशी दुसरा, असं माझं मत आहे, आणि ते बरोबर असेल तर पहिल्याच संध्याकाळी तिच्यावर हा खेळ करून झाला होता. तुम्हाला काय वाटतं ते जरूर सांगा. आणि दाराबाहेरचा कोण, तिच्यावर प्रेम करणारा की न करणारा, हेही.