नुसते हुकूमशहा होऊ नका

साधा हुकूमशहा होण्यात आता काही राम राहिलेला नाही. लोकांनी तोंड मिटून कर भरावा आणि कट करू नये, एवढ्यावर ज्याचं भागतं तो मुळात आळशी. घरी जेवताना कोण काय बोललं, पोराला झोपवताना कोणती गोष्ट सांगितली, याची त्याला फिकीरच नसते. तुम्ही असला कोता विचार करू नका. तुम्ही सर्वंकष व्हा.

शब्दाला घाबरू नका. 'सर्वंकष आढावा', 'सर्वंकष विकास' असं आपण रोज गोडीने म्हणतोच. संस्कृतात कष् म्हणजे घासणं, खरवडणं. कसोटीतला कस तोच. तेव्हा सर्वंकष म्हणजे सगळ्यांना खरवडून काढणारा. 'टोटॅलिटेरियनिझम'ला ज्याने कोणी सर्वंकषवाद हा प्रतिशब्द योजला, त्याला दंडवत.

मूळ शब्द इटलीचा, आणि निघाला तो अगदी किरकोळ लबाडीतून. 1923 साली तिथल्या स्थानिक निवडणुकांत फॅसिस्टांनी बहुमताची यादी स्वतःच भरली आणि अल्पमतासाठी राखलेल्या जागांची यादीही स्वतःच भरली. म्हणजे सत्ताधारीही आपलेच, विरोधकही आपलेच! जोव्हान्नी अमेंदोला या उदारमतवादी पत्रकाराने वैतागून या प्रकाराला 'सिस्तेमा तोतालितारियो', म्हणजे सर्वंकष व्यवस्था, म्हटलं. ही शिवी होती. मुसोलिनीने काय करावं? 1925 च्या जूनमध्ये त्याने भर भाषणात 'आमची उग्र सर्वंकष इच्छाशक्ती' असं म्हणून ती शिवी छातीवर बिल्ल्यासारखी लावली. शिका! विरोधकाचा शब्द ठेवून घ्यायचा, विरोधक ठेवायचा नाही. पुढच्याच महिन्यात अमेंदोलाला फॅसिस्ट गुंडांनी बेदम मारलं. त्यातून तो उठला नाही, 1926 मध्ये गेला.

निवडणुका मात्र बंद करू नका, फार वाईट दिसतं. 1929 ची इटलीची पद्धत घ्या: चारशे नावांची एकच यादी, तुम्ही फक्त हो किंवा नाही म्हणायचं. 'हो'ची चिठ्ठी तिरंगी, 'नाही'ची पांढरी. मतदान गुप्तच, रंग लांबून दिसतात त्याला कोण काय करणार?

इतिहासाकडेही लक्ष असू द्या. हे काम खर्चिक नाही, घरोघरी एक ब्लेड असलं की झालं. 1953 च्या अखेरीस सोव्हिएत रशियात गुप्त पोलिसांचा प्रमुख राहिलेल्या बेरियाला गोळी घातली, पण मोठ्या सोव्हिएत विश्वकोशात त्याच्यावरचा लांबलचक लेख छापून ग्राहकांच्या घरी पोचला होता. मग ग्राहकांना नवी पानं गेली आणि सोबत सूचना: जुनी पानं कात्रीने किंवा ब्लेडने कापा, ही चिकटवा. नव्या पानांवर बेरियाच्या जागी बेरिंग समुद्राची सविस्तर माहिती. डोळ्यांपुढे आणा, एक शिक्षक रात्री दिव्याखाली बसून, रेघ वाकडी जाऊ नये म्हणून पट्टी धरून, कालपर्यंतच्या पोलीसप्रमुखाला हळूच कापतोय. साध्या हुकूमशाहीत हे काम सरकारला करावं लागतं.

एक अडचण सांगायला हवी. हाना आरेंट या विदुषीने 1951 मध्ये या प्रकाराची चिकित्सा केली, तेव्हा अस्सल म्हणून हिटलरची जर्मनी आणि स्टालिनचा रशिया घेतला. शब्द मिरवणाऱ्या मुसोलिनीच्या राजवटीला, निदान 1938 पर्यंत तरी, तिने साध्या हुकूमशाहीत बसवलं. बिल्ला याचा, परीक्षेत नापासही हाच!

आणि तसं कारणही होतं. 'सर्व काही राज्यात, राज्याबाहेर काही नाही' असं म्हणणाऱ्या या गृहस्थाने पोपशी करार केला होता आणि राजालाही गादीवर राहू दिलं होतं. 25 जुलै 1943 ला त्याच म्हाताऱ्या राजाने त्याला भेटीला बोलावलं, तुमची आता गरज नाही म्हणून सांगितलं, आणि बाहेर पडल्यावर शिपायांनी त्याला एका रुग्णवाहिकेत बसवून नेलं. तेव्हा सर्वंकष होण्याआधी घरातले राजे एकदा मोजून घ्या. आणि आपण आजारी नसताना दारात रुग्णवाहिका उभी दिसली, तर मागच्या दाराने निघा. ते तुम्ही आधीच भिंत घालून बुजवलं नसेल तर.